विरघळणारा धागा आणि ऊतींचा प्रतिसाद

जखम शिवण्यासाठी पूर्वी मेंढीच्या वा गुरांच्या आतड्यापासून केलेली कॅटगट नावाची तात सर्रास वापरीत, आणि ती परके प्रथिन असल्यामुळे भक्षक पेशी आपल्या विकरांनी तिचा फडशा पाडीत असता भोवतालच्या ऊतींत मोठा दाह उसळत असे. १९७० च्या सुमारास प्रचारात आलेल्या पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या धाग्याची तऱ्हा निराळी. ऊतींतील पाण्यानेच त्याच्या दीर्घ रेणुशृंखला तुटतात आणि उरलेले ग्लायकॉलिक आम्ल चयापचयात सामावून जाते, त्यामुळे दाह सौम्य राहतो. याच वर्गातील पॉलिग्लॅक्टिनच्या धाग्याचे बळ सुमारे ३ आठवड्यांत निम्म्यावर येते, परंतु त्याचे द्रव्य नाहीसे होण्यास ५६ ते ७० दिवस लागतात. बळ आधी जाते, देह मागाहून, हे रुग्णाने अवश्य ध्यानी ठेवावे.

मात्र अस्थी जोडण्यासाठी पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्याच जाड सळ्या व स्क्रू बसविले, तेव्हा प्रश्न बिकट झाला. हेलसिंकीच्या शस्त्रवैद्यांनी १९८० नंतर घोट्याच्या अस्थिभंगात ते योजले असता, काही रुग्णांत साधारण तीन महिन्यांनी, कोणताही जंतुसंसर्ग नसताना, त्वचेवर सूज येऊन स्राव वाहू लागला; कारण विघटनातून निघणारा माल वाहून नेण्याची तेथील ऊतींची ऐपत अपुरी पडली. पॉलिलॅक्टिक आम्ल याहून पुष्कळ सावकाश झिजते, पण त्याचे स्फटिकमय कण वर्षानुवर्षे टिकतात, आणि गालाच्या हाडावर बसविलेल्या पट्ट्यांभोवती तीन वर्षांनंतरही सूज आल्याची नोंद आहे. म्हणून माझ्या मते द्रव्याच्या शुद्धतेइतकाच त्याच्या परिमाणाचा आणि त्या जागेच्या रक्तपुरवठ्याचा विचार आवश्यक ठरतो.