खुर्चीपलीकडचे सामर्थ्य

बँकेच्या कोणत्याही शाखेत व्यवस्थापकांच्या केबिनवर नावाची पाटी असते. सही, शिक्का आणि कर्जमंजुरीचा अधिकार त्या पाटीमागे असतो. तरीही अडचण उद्भवली की सहकारी पुष्कळदा कोपऱ्यातील एखाद्या साध्या टेबलाकडे वळतात. तसा आदेश कोणत्याही परिपत्रकात नसतो.

जॉन फ्रेंच आणि बर्ट्राम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली सत्तेचे पाच आधार मांडले : पदाचा अधिकार, लाभ देण्याची क्षमता, शिक्षा करण्याची क्षमता, ज्ञान आणि व्यक्तीविषयी वाटणारा आदर. यांपैकी पहिले तीन सामान्यतः पदाबरोबर येतात आणि पदाबरोबरच जातात. उरलेले दोन ज्याचे त्याने कमवायचे असतात.

हाताने खतावण्या लिहिण्याच्या काळात हे ज्ञानाचे सामर्थ्य स्पष्ट दिसे. सर्व खात्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळली नाही की शाखेत रात्र होई. अनुभवी लिपिक प्रथम फरकाला नऊने भाग जातो का ते पाही. जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संभव. ५४० ऐवजी ४५० लिहिले गेले की फरक ९० येतो. अन्यथा तो फरकाची निम्मी रक्कम शोधी, कारण जमेची नोंद नावे पडल्यास फरक दुप्पट होतो. त्याच्यामुळे सर्वांना वेळेवर घरी जाता येई आणि त्याच्या शब्दाला वजन येई.

असे जाणकार दोन प्रकारचे असत. एक आपली हातोटी नवागतांना शिकवी. दुसरा ‘माझ्यावाचून अडते’ या समाधानात ती झाकून ठेवी. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला आणि पुढे संगणक टेबलांवर आले. बेरजा यंत्र करू लागले. झाकून ठेवलेली विद्या निरुपयोगी ठरली. ज्याने शिकवले होते, त्याच्या शेजारी मात्र तरुण सहकारी आपणहून बसले आणि त्याला संगणक शिकवू लागले. मेरी पार्कर फॉलेट या विदुषीने इतरांवर गाजवायची सत्ता आणि इतरांसह निर्माण होणारी सत्ता असा भेद केला होता, त्याचा अर्थ येथे उमगतो.

आदराची खरी कसोटी नकार देताना लागते. वरून आग्रह असलेल्या कर्जप्रकरणात तारण अपुरे आहे, असे टिपणीत स्पष्ट लिहिणे सोपे नसते. त्याची किंमत कधी बदलीने, कधी रखडलेल्या बढतीने मोजावी लागते. प्रत्येक वेळी न्याय मिळतोच असे नाही. मात्र त्या नकारात कटुता नसेल आणि कारणे आकड्यांनिशी दिलेली असतील, तर पुढच्या प्रकरणात वरिष्ठच विचारतात, ‘यांचे मत घेतले का?’

हे सामर्थ्य एका दिवसात येत नाही. दिलेली वेळ पाळणे, स्वतःची चूक स्वतःहून सांगणे, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय त्यालाच देणे, अशा लहान ठेवींतून ते साठते.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ सर्वांनाच मिळते. दुसऱ्या दिवशी केबिनवरची पाटी बदलते. त्यानंतरही एखाद्या अवघड प्रकरणात सल्ला विचारणारा जुन्या सहकाऱ्याचा दूरध्वनी आला, तर ती ठेव अद्याप शिल्लक आहे असे समजावे.