शेणावरची छत्री

पाऊस दोन-चार दिवस पडून उघडला, की गायरानात शेणाच्या जुन्या पोवर छत्र्या दिसतात. आपण त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो. बिचाऱ्या कुत्र्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. संबंध आहे तो गाईम्हशींचा.

छत्रीची टोपी उलटी करून पाहा. हात लावल्याने विष बाधत नाही. मागाहून हात धुवा म्हणजे झाले. टोपीखाली पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे असतात. त्यांतून पिठाहून बारीक बी झडते आणि गवतावर बसते. गाय ते गवत खाते. बी पोटात पचत नाही, शेणाबरोबर बाहेर येते. मग शेणातच ते रुजते, पांढरे धागे पसरतात. छत्री म्हणजे त्या धाग्यांचे फळ!

शेणावर नेहमी दिसणारी एक छत्री काडीसारख्या बारीक देठाची असते. टोपी घंटेसारखी, राखी किंवा भुरी. पडद्यांवर काळे-करडे डाग. दुसरी एक जात एका दिवसात विरघळून काळी शाई होते.

पक्की खूण हवी, तर टोपी पांढऱ्या कागदावर पडदे खाली करून ठेवा. वर वाटी झाका. सकाळी कागदावर बियांचा ठसा उमटतो. या घंटेवाणी छत्रीचा ठसा काळा येतो. कोकणात, गोव्यात लोक आवडीने खातात त्या वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी, आणि तिचा देठ जमिनीत खोल वारुळापर्यंत गेलेला असतो. पण गुलाबी ठशाच्या विषारी छत्र्याही आहेत, बरं का! एका खुणेवर भाजी चुलीवर चढवू नये.

शेणावरच्या काही छत्र्या खाल्ल्या, तर माणसाला नसलेले दिसू लागते, भान सुटते. मातीत उगवणाऱ्या काही पांढऱ्या छत्र्या तर जीव घेतात. पुष्कळ जण सांगतात, “अहो, भाजीत चांदीचा रुपया टाका. काळा नाही पडला, की खुशाल खा.” हे साफ खोटे आहे. किड्यांनी खाल्लेली छत्री चांगली, हेही खोटे. जीवघेणे विष शिजवूनही जात नाही. त्याचा त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो. मग उलट्या-जुलाब थांबतात, माणसाला बरे वाटते, आणि आत काळीज, म्हणजे यकृत, नासत असते.

म्हणून कुणी रानातली छत्री खाल्ली आणि पोट बिघडले, तर वाट पाहू नका. दवाखाना गाठा. उरलेली छत्री, नाहीतर तिची सालपटे, कागदात गुंडाळून बरोबर न्या.