तिलापियाचे प्रजनक मासे : निवड, संख्या व आनुवंशिक सुधारणा

मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. हा मासा काही महिन्यांतच वयात येतो व वारंवार अंडी घालतो. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे पिल्ले मोठ्या प्रमाणात जगतात. परिणामी तळ्यात गर्दी होते व विक्रीयोग्य वजनाचा मासा मिळत नाही. १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली, परंतु तोवर उशीर झाला होता. उजनी जलाशयाच्या परिसरात तो आज ‘चिलापी’ या नावाने सर्वपरिचित आहे.

सुधारित तिलापिया म्हणजे ‘गिफ्ट’ हा नाईल तिलापियाचा वाण होय. त्याचे काम १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झाले. इजिप्त, घाना, केनिया व सेनेगल येथील जंगली मासे आणि आशियातील चार पाळीव वाण एकत्र करून पायाभूत साठा तयार करण्यात आला. त्यातून वाढीचा वेग दर पिढीला साधारण १२ ते १७ टक्क्यांनी वाढला. आपल्याकडे याच पद्धतीने भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने १९९२ पासून रोहू सुधारला. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आल्याने त्या वाणास ‘जयंती’ हे नाव मिळाले.

मात्र एवढ्या कष्टाने मिळवलेली सुधारणा बीजकेंद्रावर दोन-चार पिढ्यांत वाया जाऊ शकते. मोठे मासे बाजारात जातात, उरलेले लहान मासे पैदाशीला ठेवले जातात. ही उलटी निवडच होय! शेतकरी मात्र दोष खाद्याला देतो.

दुसरे कारण संख्येचे. नरांची संख्या माद्यांच्या संख्येने गुणून चारपट करावी व एकूण प्रजनकांनी भागावे, म्हणजे परिणामकारक संख्या मिळते. १० नर व ३० माद्या असतील तर ती ४० नव्हे, ३० येते. एकाला या संख्येच्या दुपटीने भागले की दर पिढीचे अंतःप्रजनन कळते. येथे ते सुमारे १.७ टक्के आहे. ५ नर व १५ माद्या ठेवल्यास ते ३.३ टक्के होते, तर ५० नर व १५० माद्या असल्यास केवळ ०.३ टक्के. हे गणित वर्गात फळ्यावर सहज करून दाखवता येते. अर्थात प्रत्येक नराची पिल्ले सारखी नसतात. दांडगा नर इतरांना हटवतो. म्हणून हाप्यात एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवणे, प्रत्येक गटाची पिल्ले पुढच्या पिढीत समप्रमाणात घेणे व नर गटागटांत फिरवणे इष्ट ठरते.

विकत आणलेल्या एकलिंगी बीजातून प्रजनक निवडू नयेत. नर जलद वाढतात म्हणून पिल्लांना सुमारे तीन आठवडे संप्रेरकयुक्त खाद्य देऊन नर बनवलेले असते. त्यांतील कित्येक आनुवंशिकदृष्ट्या माद्याच असतात. असा ‘नर’ सामान्य मादीशी जुळला तर जवळजवळ सर्व पिल्ले माद्या निघतात.

बुऱ्हाणपूर-निंबोला भागातील विद्यार्थ्यांना आणखी एक बाब सांगितली पाहिजे. नाईल व मोझांबिक तिलापियाचा सहज संकर होतो. ओढ्यातून शिरलेली जंगली पिल्ले प्रजनक तळ्यात मिसळली तर वाण बिघडतो. आणि तळ्यातून निसटलेले मासे पावसाळ्यात तापीच्या खोऱ्यात पोहोचू शकतात. म्हणून पाण्याच्या आवक-जावक दोन्ही तोंडांना बारीक जाळी हवी. तिलापियाच्या पालनासाठी शासनाकडे नोंदणीही करावी लागते.