चावा कुत्र्याचा, बिल कोणाचं?

मोठ्या कुत्र्यानं पॉमेरियनला मानगुटीला धरून झटकलं, तर बाहेरून दिसतात फक्त दातांची दोन-चार भोकं. पशुवैद्य केस भादरतात तेव्हा कळतं, की आत कातडी मांसापासून सुटली आहे. मग एक्स-रे, भूल, टाके, रेबीजची लस, रोजचं ड्रेसिंग. बिल हातात पडलं की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिली आरोळी उठते ती पोलिसांत जाण्याची.

तिथं फारसं काही हाती लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 (जुनं 289) पाळीव जनावराबाबत हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सुनावतं. पण त्यातला धोका माणसाच्या जिवाचा आणि त्याच्या गंभीर दुखापतीचा. कलम 325 जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी आहे, मात्र तिथं हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. हातातून पट्टा निसटला, यात हेतू कुठला? मुद्दाम अंगावर सोडला असेल, तर गोष्ट वेगळी.

माणसाच्या दुखापतीची कलमं कुत्र्याच्या दुखापतीला लागू होत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये स्पष्टच केलं. दुचाकीखाली कुत्रा आल्यानं चालकावर बेदरकार वाहन चालवून माणसाला इजा केल्याची कलमं लावली होती. मालकाला कुत्रा लेकरासारखा असेल, पण तो माणूस नव्हे, असं म्हणत न्यायालयानं गुन्हा रद्द केला.

खरा रस्ता दिवाणी न्यायालयाचा. कायद्याच्या लेखी तुमचा मोती ही जंगम मालमत्ता. ऐकायला रुक्ष, पण भरपाई मागता येते ती याच आधारावर. प्रश्न निष्काळजीपणाचा: पट्टा होता का, फाटक उघडं कोणी ठेवलं, हा कुत्रा आधी कोणावर धावून गेला होता का? आधीची लेखी तक्रार असेल, तर ‘आमचा टायगर कुणाला काही करत नाही’ हे पालुपद टिकत नाही. उलट तुमचाही कुत्रा मोकळा असेल, तर भरपाईला कात्री लागू शकते.

खरी मेख किमतीत आहे. रस्त्यावरून उचलून आणलेल्या गावठी कुत्र्याला बाजारभाव नाही. मग वस्तूच्या किमतीहून दुरुस्तीचा खर्च जास्त कसा, असं समोरचा वकील विचारणारच. माझ्या मते वाजवी उपचारांचा खर्च हाच खरा हिशेब. जिवंत जनावर विव्हळत असताना कोणी बाजारभाव बघत नाही.

म्हणून आधी बिलं जोडून समोरच्याला साधं पत्र द्यावं. बहुतेक सुज्ञ मालक पैसे देऊन मोकळे होतात. पाळीव प्राण्यांच्या काही विमा पॉलिसींत त्रयस्थाच्या नुकसानीचं कलम असतं, तेही त्यांना पाहायला सांगावं. नाहीच जमलं तर दावा. त्याला तीन वर्षांची मुदत असते. सोसायटीच्या सीसीटीव्हीतलं चित्रण मात्र थोड्याच दिवसांत पुसलं जातं, ते त्याच दिवशी सेक्रेटरींकडे लेखी मागून ठेवावं.