दंडातला ठणका

मुलांच्या दंडाच्या हाडात मुरलेला जंतुसंसर्ग गाजावाजा करत नाही. ताप नसतो, असलाच तर थोडी कसर. कातडी लाल नाही, पू नाही. खांद्याच्या जरा खाली ठणकतं, रात्री जास्त. घरचे शेक देतात, कुणी तेल चोळतं, ‘मुका मार असेल’ म्हणून दिवस जातात. हाडांच्या ओपीडीत अशी मुलं पोचतात तेव्हा बहुधा दोन-तीन महिने उलटलेले असतात. आईबापांना मी बोल लावत नाही. ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्यासुद्धा कित्येकदा नॉर्मल येतात. हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज झडल्याशिवाय एक्स-रेवर फारसं काही उमटत नाही.

मी आधी वाढीच्या कूर्चेलगतचा भाग बघतो. तिथे बारीक रक्तवाहिन्या वळण घेतात, रक्त मंदावतं आणि त्यातून आलेले जंतू ठाण मांडतात. जंतू दुबळे आणि मुलाची प्रतिकारशक्ती बरी असेल, तर शरीर त्यांना कोंडून टाकतं: आत पू, भोवती टणक हाडाचं कडं. लंडनचे सर्जन बेंजामिन ब्रोडी यांनी १८३२ मध्ये अशा गळवाचं वर्णन केलं. ते नडगीच्या हाडातलं होतं, आणि पाय कापून काढल्यावरच ती पोकळी दिसली होती.

फिल्मवर काळसर पोकळी आणि पांढरी कड दिसली तरी निदान झालं असं मी मानत नाही. हाडाचा क्षय असाच दिसू शकतो. ईविंग सार्कोमा हा कर्करोगही संसर्गाचं सोंग घेतो. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर नमुना घेईपर्यंत अँटिबायोटिक थांबवतो. नातेवाइकांना हे पटवणं शस्त्रक्रियेपेक्षा अवघड जातं.

ऑपरेशनमध्ये सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली कूर्चा टाळून हाडाला छोटी खिडकी पाडायची. खांद्याच्या स्नायूची नस हाडाच्या मानेला वळसा घालून जाते. आणखी खाली, मागच्या बाजूने, मनगट उचलणारी रेडियल नस. दोन्ही जपायच्या. मग क्युरेटने आतलं सगळं खरवडून काढायचं. पू थोडाच निघतो, बराचसा भाग मऊ, करडा-लालसर असतो. आता खरी दक्षता. पॅथॉलॉजीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, पण कल्चरचा सलाइनमध्ये. घाईत सगळंच फॉर्मॅलिनमध्ये गेलं तर जंतू मरतात आणि कल्चर कोरं येतं. सिस्टरांच्या हातातल्या डब्या मी दोनदा वाचतो. क्षयासाठी जीनएक्सपर्ट चाचणीचं उत्तर दोनेक तासांत मिळतं. क्षयाच्या कल्चरला मात्र सहा-आठ आठवडेही लागतात.

बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघतो. मग साधारण सहा आठवडे औषध. क्षय असला तर कित्येक महिने. ठणका मात्र आधीच थांबलेला असतो, आणि गोळ्या नेमक्या तेव्हाच सुटतात. पोकळी भरेपर्यंत हाड कच्चं राहतं, म्हणून बोलिंग बंद, सायकल बंद. मुलं रुसतात. पुढच्या एक्स-रेवर मी त्यांना भरत आलेली पोकळी बोट ठेवून दाखवतो, आणि उरलेल्या गोळ्या मोजायला सांगतो.