पिसवेचे पोट

उंदरावरच्या पिसवेच्या पोटात एका वेळी थेंबाचा शंभरावा भागही रक्त मावत नाही. एवढ्याशा घोटातून प्लेगचा जंतू तिच्या पोटात जायचा, तर उंदराच्या रक्तात जंतूंची दाटी किती हवी? मिलीलीटरमागे कोटीच्या घरात. इतके जंतू रक्तात झाल्यावर उंदीर जगत नाही. ज्याच्या जिवावर जगायचे त्यालाच मारून जंतूला काय मिळते, असे आपण विचारतो. प्लेगपुरते त्याचे उत्तर पिसवेच्या पोटात आहे. उंदीर सौम्य आजारी पडून बरा झाला, तर पिसवेच्या वाट्याला काहीच येणार नाही आणि जंतूचा प्रवास तिथेच संपेल.

या व्यवहारात माणूस कुठेच नाही. उंदीर मेला, अंग गार पडले, की पिसवा उतरतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. जवळपास उंदीर उरलेला नसला, की आपण सापडतो.

पिसवेच्या जठराच्या तोंडाशी काट्यांची झडप असते. प्लेगचे जंतू तिथे चिकट थर धरून वाढतात आणि वाट बुजवतात. मग पिसू कितीही रक्त शोषो, ते आत उतरत नाही. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावत राहते. शोषलेले रक्त त्या बोळ्यावर आदळते आणि जंतू घेऊन जखमेत परत येते. शेवटी पिसू उपाशीच मरते. जंतू तिलाही सोडत नाही.

माणसाच्या कातडीखाली उतरताच जंतूला 37 अंशांची ऊब लागते आणि तो आपले रूप पालटतो. त्याच्या बाह्य आवरणातले जे स्निग्ध रेणू ओळखून शरीर एरवी जागे होते, ते तो अशा घडणीचे बनवू लागतो की शरीराला चाहूल लागत नाही. पहिल्या काही तासांत पांढऱ्या पेशी बरेच जंतू गिळतात, पण त्यांतल्या भक्षक पेशींच्या पोटात काही जंतू मरत नाहीत, उलट वाढतात. बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या अंगावर प्रथिनांचे जाड कवच असते आणि सुईसारखी नळी असते. ही नळी पांढऱ्या पेशीत खुपसून ते आपली प्रथिने आत सोडतात. पेशीचे गिळणे थांबते, मदतीची हाक थांबते. लसिकेच्या वाटेने जंतू जवळच्या ग्रंथीत पोचतात. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. चावल्यापासून साधारण दोन ते सहा दिवसांत तापाने अंग फणफणते आणि गाठ इतकी ठणकते की रोगी पाय सरळ करत नाही.

संसर्ग जागच्या जागी कोंडून ठेवायला शरीर रक्ताच्या गुठळ्यांचा बांध घालते. त्यावरही जंतूकडे तोड आहे: गुठळ्या विरघळवण्याची शरीराचीच यंत्रणा तो आपल्या एका प्रथिनाने चालू करतो. बांध फुटला की जंतू रक्तात, आणि तिथून कधी फुप्फुसांत जातात. मग मात्र पिसवेची गरज उरत नाही, खोकल्यातूनही रोग पसरतो. औषधाविना गाठीच्या प्लेगचे निम्म्याच्या आसपास रोगी दगावतात.

23 सप्टेंबर 1896 रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तिथला रोग प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. जंतू दोन वर्षांपूर्वीच, 1894 मध्ये, हाँगकाँगला येर्सँ या जंतुशास्त्रज्ञाने शोधला होता आणि मेलेले उंदीरही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. तरी मुंबईत गटारांत कार्बोलिक ओतले गेले, भिंतींना चुना लागला, सामान जळले, रोगी हुडकायला घरे धुंडाळली गेली. पुण्यात हे काम सोल्जरांकडे गेले. त्याचा शेवट 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्यावर झालेल्या गोळीबारात झाला. त्याआधी मार्चमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या होत्या. जुलूम तर झालाच, पण मला जास्त खटकते ते हे, की सारी यंत्रणा माणसांच्या मागे लागली होती.

हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाचे लसीचे काम याच धामधुमीतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो मटणाच्या रसावर तुपाचे थेंब सोडून जंतू वाढवत असे. तुपाच्या तवंगाखाली जंतूंचे धागे लोंबत. चंबू हलवला की ते तळाशी बसत आणि नवे धरत. हे जंतू तापवून मारायचे, की लस तयार. 10 जानेवारी 1897 रोजी ती त्याने आधी स्वतःला टोचून घेतली.

पिसवेवर बोट ठेवले ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने. 1898 च्या जूनमध्ये कराचीत त्याने काचेच्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यात घालून एक निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नव्हता, तरी दुसरा प्लेगनेच मेला. पिसवा नसलेल्या बरणीत तसे झाले नाही. बरीच वर्षे त्याचे कोणी ऐकले नाही. 1905 पासून मुंबईत परळला प्लेगच्या तपासासाठी नेमलेल्या कमिशनने हेच नव्याने तपासले. पिसवांनी भरलेल्या खोलीत जमिनीलगत ठेवलेली गिनीपिग मेली. दोन फूट उंच टांगलेली वाचली, कारण पिसवेची उडी तिथवर पोचत नाही. जठरातल्या बोळ्याचा उलगडा व्हायला 1914 उजाडले. बॅकॉट आणि मार्टिन या संशोधकांनी तो लंडनमध्ये केला. हवा 30 अंशांच्या आसपास गेली की हा बोळा धड जमत नाही, हे पुढे कळले. मुंबईची साथ मे महिन्यात का ओसरे, याचे एक कारण त्यात आहे.

घाटावरची खेडी कमिशनच्या अहवालाची वाट पाहत बसली नव्हती. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालत. तिथे कणगी नव्हती, म्हणून उंदीर नव्हते. अंथरुणे-वाकळा बरोबर नेल्या, तर मात्र काही पिसवाही त्यांच्यासोबत जात.