पाटणच्या दगडातला दाम

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिलं. ते नोंदवणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख संस्कृत, पण शेवटच्या ओळी मराठी. वंशावळ आणि विद्वत्ता संस्कृतात सांगून झाली, बाजारातल्या देण्याघेण्याची बोलणी सुरू झाली, आणि भाषा बदलली.

या मराठी ओळींनी मला फार शिकवलं आहे. पेठेत जे ‘केणें’ उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राउळाला मिळणारं येणं मठाला दिलं, असं तिथे म्हटलं आहे. आज राउळ म्हणजे देऊळ. तो अर्थ इथे लावला तर देवळाचं उत्पन्न मठाकडे वळवलं असं होईल. पण राउळ आलं राजकुलावरून, आणि बाजारातला कर राजाचाच. शेजारचे शब्द पाहिले की देऊळ आपोआप बाजूला होतं. ‘केणें’ म्हणजे विकाऊ माल, एवढं कोश सांगतो. पण तो ‘उघडण्या’ची अट आहे. माझ्या मते हा कर वाटेने जाणाऱ्या गोण्यांवर नव्हता. गोणी सुटली, माल मांडला, तेव्हाच तो लागे.

याच ओळींत दामाचा ‘विसोवा’ येतो. विसोवा म्हणजे विसावा हिस्सा. ‘वीस विश्वे खरं’ म्हणताना आपण तेच माप वापरतो. त्यात विश्वाचा काही संबंध नाही. आणि दाम? तो द्रम्म या नाण्यावरून आला, द्रम्म ग्रीक द्राख्मेवरून. द्राख्मे म्हणजे मूठभर. कशाची मूठ? प्लुटार्क सांगतो, सहा ओबोल मुठीत मावत, आणि ओबोल म्हणजे मुळात लोखंडी सळई. ही नुसती दंतकथा वाटली असती. पण आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या देवळात उत्खनन झालं आणि लोखंडी सळयांचा जुडगाच हाती आला. त्या मुठीतला शब्द खानदेशात पोचला तेव्हा नाणं झाला होता. आज आपल्या तोंडी तो किंमत झाला आहे.

‘दिलं’ या अर्थी लेखात ‘दीन्हला’ येतं. पुण्याकडचा वाचक तिथे थबकतो. धुळ्याच्या बाजारात अहिराणी बोलणारी बाई मात्र ‘दिन्हा’, ‘दिन्हं’ रोज म्हणते. वि. का. राजवाडे बोलीतले शब्द इतक्या जिद्दीने का गोळा करत, ते इथे कळतं. १९२६च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांच्या व्युत्पत्ती सगळ्याच पटत नाहीत. तरी पोथी आणि माणसाचं तोंड दोन्हीकडे कान लावायची त्यांची सवय मला अजून अनुकरणीय वाटते.

शेवटी तेल. जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी मठाला. आपल्याला पळी म्हटलं की संध्येची पळी-पंचपात्री आठवते. त्या पळीने हा लेख वाचला तर मठाच्या वाट्याला आचमनापुरतं तेल येतं. इथली पळी तेल्याची आहे, मापाची. लांब दांड्याची, खोल वाटीची, भांड्यात उभी बुडवून काढायची.